सीमोल्लंघन कोणत्या सीमेचे?

दसऱ्याला सीमोल्लंघन करून, आपट्याची पाने वाटून आपण घरी परततो आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याची त्याची सीमा पूर्ववत होते. आम्हा बेळगाव भागातील मंडळींना तर ‘सीमा’ म्हटले की प्रथम नकाशाच आठवतो. पण गेली काही वर्षे हा शब्द मुलांच्या कानी निराळ्या अर्थाने पडतो आहे. ‘स्वतःच्या सीमा ओलांडा’ हे वाक्य वह्यांच्या कव्हरांवर, व्यायामशाळांच्या भिंतींवर, शिबिरांच्या पत्रकांवर दिसते. ध्यान करा, धावा, शरीर कसाला लावा आणि कालच्या ‘मी’च्या पुढे जा, असा त्याचा मथितार्थ. या विचाराचे बळ किती आणि त्याची मर्यादा कोठे, हे एक चित्रपट आणि दोन मराठी लेखनकृती यांच्या आधारे तपासून पाहावे असे वाटले.

चित्रपट आहे संजय रावल यांचा ‘३१०० : रन अँड बिकम’ (२०१८). एका माजी विद्यार्थ्याने तो आग्रहाने आणून दिला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९९७ साली सुरू झालेली एक शर्यत हा त्याचा विषय. अंतर ३१०० मैल, म्हणजे जवळजवळ पाच हजार किलोमीटर. मुदत ५२ दिवस. आणि हे सारे धावायचे जेमतेम अर्ध्या मैलाच्या एकाच फेरीवर, ५६४९ वेळा! सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत रोज सरासरी साठ मैल पाय उचलायचे. शर्यतीचे प्रवर्तक श्री चिन्मय. चितगाव भागात १९३१ साली जन्मलेले हे गृहस्थ वीस वर्षे पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात राहिले, १९६४ साली न्यूयॉर्कला गेले आणि २००७ मध्ये तेथेच निवर्तले. धावणे ही साधना आणि स्वतःच्या पलीकडे जाणे हे तिचे फळ, अशी त्यांची शिकवण.

चित्रपटाचा नायक हेलसिंकीत घरोघरी वर्तमानपत्रे टाकणारा एक फिनिश गृहस्थ आहे, आश्प्रिहानाल आल्तो. याने २०१५ साली हे अंतर ४० दिवस ९ तासांत तोडून विक्रम केला. दिग्दर्शकाने त्याला वीरपुरुष बनवलेले नाही, ही मला या चित्रपटाची जमेची बाजू वाटली. सुजलेले पाय, फाडलेले बूट, चालता चालता घशाखाली ढकललेला घास हे तो शांतपणे दाखवतो. ध्यानाविषयी बोलणारे बहुतेक लोक शरीराला विसरतात. येथे तसे होत नाही.

तरीही पाहताना एक गोष्ट खटकत राहिली. ही शर्यत ज्या वस्तीभोवती फिरते, तिच्या मधोमध एक हायस्कूल आहे. मुख्याध्यापकाचा डोळा असल्यामुळे असेल, पण माझे लक्ष वारंवार त्या इमारतीकडे जात होते. धावणारे शाळेभोवती हजारो फेऱ्या घालतात, परंतु त्या फेऱ्यांचा आतल्या मुलांशी काही संबंध जडत नाही. ओलांडली जाते ती केवळ धावणाऱ्याची स्वतःची सीमा. ती ओलांडून तो कोणाच्या जवळ गेला, हा प्रश्न चित्रपटाच्या मुख्य कथेत उमटतच नाही.

नवल असे की, त्याचे उत्तर याच चित्रपटाच्या उपकथेत आहे. अमेरिकेतील नवाहो जमातीचा एक शिक्षक शंभर मैलांहून अधिक अंतर धावतो, ते लहानपणी वसतिशाळेतून पळून घरी आलेल्या आपल्या वडिलांच्या त्या धावण्याचा मान राखण्यासाठी. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून अशा शाळांत घालीत आणि आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा करीत, हा इतिहास आता सर्वमान्य आहे. सीमाभागात वाढलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको. या धावण्याला घड्याळ नाही, पण दिशा आहे: ते आपल्या माणसांकडे जाते. माझ्या मते चित्रपटाचा गाभा येथे आहे आणि दिग्दर्शकाने त्याला जोडकामासारखे वापरले, ही त्याची उणीव आहे.

या कसोटीवर आपल्याकडचे लेखन लावून पाहू. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर दरवर्षी लाखो माणसे, त्यांत सत्तरीच्या आजीबाईही, पायी तोडतात. दि. बा. मोकाशी १९६१ साली पंचेचाळिशीच्या घरात असताना या वाटेने गेले आणि १९६४ मध्ये त्यांचे ‘पालखी’ प्रसिद्ध झाले. ते वारकरी म्हणून नव्हे, तर संशय बरोबर घेऊन चालले. थकवा, मुक्कामाची गैरसोय, माणसांच्या कुरबुरी हे सारे त्यांनी नोंदवले. आणि शेवटी आपल्याला साक्षात्कार झाला असा आव आणला नाही. चालण्याने श्रद्धा आपोआप मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगणारे हे पुस्तक आहे. शिबिरांच्या पत्रकांत हमखास मिळणाऱ्या फळाची ग्वाही वाचणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

परंतु या विषयावर मराठीत सर्वांत पुढे गेलेले लेखन, मला वाटते, इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ हा लेख होय. त्यांचे पती दि. धों. कर्वे यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि परदेशी अभ्यासकांपर्यंत वारी पोचली. लेख छोटा आहे. बाई समाजशास्त्रज्ञ, पण येथे त्या अभ्यासकाच्या उंचीवरून बोलत नाहीत. पाय दुखण्याचे कौतुक तर नाहीच. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकच अभंग म्हणतात, आणि जेवणाची वेळ झाली की वेगवेगळ्या पंक्तींना जातात. दोन्हींकडे त्यांची माणसे जोडली गेलेली. त्यामुळे एकांना सोडून दुसऱ्यांत जाताना त्यांचा जीव रोज तुटतो. आपण एकत्र होणार ते केवळ परलोकात काय, असा प्रश्न त्यांना वाटभर छळतो, आणि लेख संपला तरी तो सुटत नाही.

न सुटलेला हा प्रश्न हेच त्या लेखाचे मोठेपण आहे. अडीचशे किलोमीटरची सीमा पाय ओलांडतात. दोन चुलींमधली चार हातांची सीमा ओलांडत नाहीत. हे अपयश लिहून ठेवायला धैर्य लागते. आणि तरीही याच लेखात, नकाशा बाजूला ठेवून, पंढरीच्या वाटेला लागणाऱ्या माणसांवरून महाराष्ट्र ओळखावा असे त्या सुचवतात. त्या ओळखीत आपण सीमाभागातले सारे येतो. आणि आपल्या शेजारचा, घरी कन्नड बोलणारा वारकरीही येतो. विठ्ठलाला ‘कानडा’ म्हणणाऱ्या भाषेचे आपण वारस आहोत. मग हा हिशेब आपण किती पाळतो?

दुसऱ्यांच्या कृतींची समीक्षा करताना स्वतःचे माप लपवणे बरे नव्हे. मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक आहे तिच्या आवारात दोन्ही माध्यमांचे वर्ग भरतात. क्रीडामहोत्सवात रिले शर्यत असते. एक चमू मराठीचा, एक कन्नडचा. मुले जीव तोडून धावतात, दरवर्षी वेळ सुधारते, आणि टाळ्याही माध्यमवार पडतात. इतक्या वर्षांत त्यात मला काही वावगे दिसले नव्हते. चित्रपट पाहून ‘वाटचाल’ पुन्हा काढला, तेव्हा दिसले.

यंदा चमू मिश्र करायचे ठरवले आहे. आमचे क्रीडाशिक्षक म्हणाले, “सर, वेळ बिघडेल.” बिघडेलही. दोन-तीन पालकांनी भुवया उंचावल्या आहेतच. ध्यान, तप आणि कसरत यांची थोरवी मी नाकारीत नाही. चाळीस दिवस धावणाऱ्या त्या फिनिश माणसापुढे माझे डोके लवतेच. पण यापुढे कोणी मर्यादा ओलांडल्याचे सांगितले, तर मी विचारणार आहे, ‘छान झाले. ओलांडून कोणाकडे गेलात?’ आणि प्रथम ते स्वतःला विचारणार आहे.