शिफारशीचे व्याकरण : खाद्यानुभव, प्रवासवर्णन आणि ‘आपण’

प्रवासातील खाण्याविषयीच्या लेखनाकडे मराठी समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. प्रवासवर्णनाची चर्चा निसर्गचित्रण, व्यक्तिदर्शन आणि संस्कृतिचिंतन यांभोवती फिरते. अमुक गावी अमुक ठिकाणी अमुक पदार्थ खावा, हे सांगणारे वाक्य मात्र ‘उपयुक्त माहिती’च्या सदरात टाकले जाते. वस्तुतः शिफारस हा एक स्वतंत्र उक्तिप्रकार आहे. अंधेरी-बोरिवलीत किंवा मुलुंड-घाटकोपरात तो रोजच्या बोलण्यात आढळतो : ‘स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, डावीकडे दुसरं हॉटेल, थालीपीठच मागवायचं, पण अकराच्या आत जायचं.’ या उक्तीत स्थळ आहे, पदार्थ आहे आणि अट आहे. तिची क्रियापदे विधान करीत नाहीत, वागण्याची रीत घालून देतात. कर्ता मात्र अनुक्त आहे. उतरायचे, मागवायचे, जायचे ते कोणी? या रिकाम्या जागी मराठी भाषक सहजपणे ‘आपण’ वाचतो. शिफारशीचे सारे सामर्थ्य आणि तिची सारी मर्यादा या अनुक्त सर्वनामात सामावलेली आहे.

हा प्रश्न समीक्षेला परका नाही. रस, रुची, आस्वाद, चर्वणा हे तिचे मूलभूत शब्द जेवणाच्या पानावरूनच आलेले आहेत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न चाखणाऱ्या ‘सुमनस’ पुरुषांचा दृष्टान्त दिला आहे. पुढील काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ हा या सुमनसाचाच वंशज मानता येईल. दुसरीकडे, कान्टने आपल्या १७९० च्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेद केला. कॅनरी बेटांचे मद्य सुखद म्हणणाऱ्याने ते ‘मला’ सुखद आहे एवढेच म्हणावे. सौंदर्यविधान मात्र सर्वांच्या संमतीवर हक्क सांगते. शिफारस या दोन कोटींच्या मधोमध उभी असते. ती एका जिभेवर जन्मते, पण दुसऱ्याच्या संमतीची अपेक्षा धरते. ही अपेक्षा सार्वत्रिक नसते. ती ‘आपल्यासारख्यां’पुरती असते. म्हणूनच शिफारशीचे विश्लेषण हे गृहीत वाचकाच्या विश्लेषणाचे सर्वांत उघडे उदाहरण ठरते.

पु. ल. देशपांडे यांचे लेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जोगेश्वरी आणि पार्ले या अंधेरीच्या दोन बाजूंच्या उपनगरांत वाढलेल्या या लेखकाने ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) या पुस्तकांत परदेश मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणून ठेवला. ‘हसवणूक’ (१९६८) मधील ‘माझे खाद्यजीवन’ हे शीर्षकच खाण्याला चरित्राचा दर्जा देते. या लेखनातील निवेदक परक्या ताटाकडे घरच्या ताटाच्या आठवणीतून पाहतो. पासपोर्ट नसलेल्या वाचकालाही त्या प्रवासात जागा मिळते, कारण तुलनेचा एक पाय त्याच्या स्वयंपाकघरात रोवलेला असतो. ही औदार्याची शैली आहे, आणि तिची लोकप्रियता या औदार्याने मिळवलेली आहे. परंतु कोणतेही औदार्य एका उंबरठ्याच्या आतून सुरू होते. काय सांगावे लागते आणि काय न सांगता कळते, यांची वाटणी तो उंबरठा करतो.

उंबरठा दिसतो तो जिथे शिफारस अडखळते तिथे. अमेरिकेला निघालेल्या आप्ताला तिथल्या स्टेकहाऊसची शिफारस करणारे मराठी वाक्य रचून पाहावे. रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजी’ (१९५७) या पुस्तकात स्टेक आणि तळलेल्या बटाट्यांवर एक लहान निबंध लिहिला आहे. स्टेकमधील रक्तदर्शन, त्यातून मिळणाऱ्या बळाची कल्पना आणि त्याला जडलेले फ्रेंच राष्ट्रीयत्व यांचा उलगडा त्याने केला. तिथे स्टेक हे सर्वांना एकत्र आणणारे चिन्ह आहे. मराठीत ते विभागणारे चिन्ह होते. मांस किती कच्चे ठेवावे हे खाणाऱ्याने आधी सांगायचे, ही स्टेकची पहिली अट. मसाल्यात मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवणाऱ्या पाकपरंपरेत या पायऱ्यांना नावेच नाहीत. त्याहून मोठी अडचण प्राण्याच्या नावाची. ‘गोमांस’ हा धर्मशास्त्राचा आणि कायद्याचा शब्द. ‘बीफ’ हा इंग्रजीच्या आडोशाचा. ‘मोठ्याचं’ हा मुंबईच्या बाजारातला, नाव न घेता नाव घेणारा. ‘स्टेक’ आणि ‘टेंडरलॉइन’ हे शब्द काप सांगतात, अवयव सांगतात. प्राणी अदृश्य होतो. प्रवासी आप्ताला शिफारस करतो ती या अदृश्यतेच्या भाषेत. परदेशात ‘स्टेक’ खाल्ला असे म्हणता येते. त्या वाक्याचे मराठीकरण मात्र टाळले जाते.

या शब्दव्यवहाराला कायद्याची पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. त्याने गायीची कत्तल रोखली. बैल व वळू यांनाही तेच संरक्षण देणारी १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये अमलात आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हैस या बंदीबाहेर आहे. त्यामुळे मुंबईच्या भोजनपत्रिकेवरील स्टेक बहुधा म्हशीचा असतो, हे जाणणाऱ्यांनाच कळते. देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून पूर्व उपनगरात उभा आहे. तेथून थोड्याच अंतरावर घाटकोपरची शाकाहारी खाऊगल्ली प्रसिद्ध आहे. ‘शुद्ध शाकाहारी’, ‘मालवणी’, ‘आगरी’ या उपनगरी पाट्या केवळ पदार्थांची वर्गवारी करीत नाहीत. प्रत्येक पाटी आपला ‘आपण’ जाहीर करते.

यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. ‘जा’ या आज्ञार्थात दार उघडे असल्याचे गृहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनपर लेखनात १९०१ मधील एका प्रवासाची हकिकत दिली आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. गाडीवान मिळतो तोही दुप्पट भाड्यावर आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. बरोबर अन्न असते, पण पाणी मिळत नाही, म्हणून अन्नही खाता येत नाही. प्रवासवर्णनाच्या परंपरेत ही हकिकत कुठे ठेवायची? तिच्यात स्थळ आहे, अन्न आहे आणि अटही आहे. म्हणजे शिफारशीचे तिन्ही घटक उपस्थित आहेत. फक्त ‘आपण’ नाही, आणि त्याच्या अभावी ते घटक उलटे होऊन निषेधाची संहिता तयार होते.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ सालचे, म्हणजे कायदा अमलात आला त्याच वर्षीचे. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ही नोंद आहे. पूर्णब्रह्माच्या प्रतिष्ठित कल्पनेला शीर्षकातील एका ‘अ’ने छेद दिला आहे. त्यातील ‘चान्या’, म्हणजे वाळवून टिकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, आणि परदेशी स्टेकहाऊसमधील काप यांत द्रव्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर नाही. पण एकाची शिफारस होते, दुसऱ्याची होत नाही. चान्यांना पत्ता नाही, पाटी नाही, भोजनपत्रिका नाही. भूक भागवण्याच्या गरजेतून, गावगाड्याने वाट्याला टाकलेल्यातून हे अन्न घडले. १९२७ मध्ये महाड परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन बाबासाहेबांनी केले होते, हेही विसरून चालणार नाही. म्हणून पाटोळे यांची नोंद म्हणजे चवीच्या पर्यटनाचे नवे आमंत्रण, असे वाचणे हा तिचा विपर्यास ठरेल. ‘इथे जाऊन हे खा’ असे सांगण्यासाठी ती लिहिलेली नाही. हे कोणी, का आणि कोणत्या अटींवर खाल्ले, हे ती सांगते.

मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद उपलब्ध आहे : एकात ऐकणारा वगळलेला, दुसऱ्यात सामावलेला. ‘आम्ही तिथे खाल्ले’ हा अनुभव, ‘आपण तिथे खावे’ ही शिफारस. आस्वादक समीक्षाही पुष्कळदा पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर न कळत सरकते. समीक्षकाची रुची वाचकाची रुची म्हणून मांडली जाते आणि ज्यांच्या ताटात ते अन्न कधी आलेच नाही ते अरसिक ठरतात. खाद्यलेखनाचे मूल्यमापन करताना पदार्थ किती चविष्टपणे वर्णिला आहे, हा प्रश्न दुय्यम मानावा लागेल. अनुक्त कर्त्याच्या जागी लेखकाने कोणाला बसवले, कोणाला बाहेर उभे ठेवले, आणि त्याची त्याला जाणीव आहे का, हा पहिला प्रश्न. सहृदय ही संकल्पना टिकवायची असेल तर तिलाही हाच प्रश्न विचारणे अटळ आहे.