डिमीटरचा शोक आणि नाट्योपचारातील माता

नाट्योपचारात मिथकाची योजना करण्यामागे सामान्यतः एकच कारण दिले जाते : पात्राच्या आडून स्त्रीला स्वतःचे दुःख बोलता येते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. कोणते मिथक आणि त्याचा कोणता भाग, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगातील स्त्रियांसोबत ऱ्होडेसा जोन्स यांनी १९८९ साली आरंभिलेला ‘मेडिआ प्रोजेक्ट’ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. काटेकोर अर्थाने तो उपचार नसून रंगभूमीचा उपक्रम आहे. तथापि त्याने उपस्थित केलेले प्रश्न उपचारकालाही टाळता येत नाहीत.

युरिपिडीसची मेडिआ (इ. स. पू. ४३१) पतीच्या विश्वासघाताचा सूड म्हणून पोटच्या मुलांना मारते. मुलांपासून दुरावलेल्या कैदी मातांपुढे ही कथा ठेवणे धाडसाचेच होते. तिने आदर्श मातेचा मुखवटा उतरवला, हे मान्य केले पाहिजे. परंतु मेडिआला परतीची वाट नाही.

याच उपक्रमाने पुढे पर्सिफनीची कथा घेतली. ती अधिक उपकारक वाटते, मात्र केवळ मायलेकींच्या पुनर्भेटीमुळे नव्हे. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रात झ्यूस आपली कन्या आईला न विचारता पाताळाच्या राजाला देऊन टाकतो. (आपल्याकडील वाचकाला यात फारसे परके काही वाटू नये.) डिमीटर नऊ दिवस अन्नपाण्याविना मशाली घेऊन हिंडते. पुढे ती म्हातारीच्या वेषात इल्युसिसला एका घरी मूक बसून राहते. तिथे सांत्वनाने नव्हे, तर इआम्बे नावाच्या दासीच्या थट्टेने तिला हसू फुटते. त्यानंतर ती पृथ्वीवरचे धान्य अडवून धरते आणि झ्यूसला नमते घ्यावे लागते. तिला केवळ शोकमग्न माता ठरवणारे वाचन हा अर्धा भाग गमावते. ज्याला औदासीन्य म्हणून उपचार द्यायचे, तो कदाचित रास्त क्रोध असेल. शिवाय कन्या पूर्णतः परत येत नाही; डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला पाताळात राहावे लागते. भेटीच्या ठरावीक वेळांवर जगणाऱ्या कैदी मातेला ही तडजोड समजावून सांगावी लागत नाही.

एक आक्षेप उरतो. जोन्स यांच्या उपक्रमातील स्त्रियांनी आपल्या आयुष्याच्या कथा सार्वजनिक नाट्यगृहांत प्रेक्षकांसमोर मांडल्या. डिमीटर मात्र हसली ती परक्या घराच्या चार भिंतींआड, स्त्रियांच्या सोबतीत.