बालकाचा होकार : एक चिकित्सा

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांची ‘संमती’ आणि बालकाचा ‘होकार’ असा भेद केलेला आहे. अठरा वर्षांखालील व्यक्ती कायद्याने संमती देऊ शकत नाही. म्हणून संमती पालकांनी द्यावयाची. पण त्याखेरीज सात ते बारा वर्षांच्या बालकाचा तोंडी व त्यापुढे अठराव्या वर्षापर्यंत लेखी होकार घ्यावयाचा. ज्याची तपासणी व्हावयाची त्यालाही विचारले पाहिजे, हे तत्त्व यात मान्य झाले, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि वयाच्या या पायऱ्या आकलनापुरत्याच आहेत. वाइथॉर्न आणि कॅम्पबेल यांनी १९८२ साली नऊ ते एकवीस वर्षांच्या व्यक्तींपुढे उपचारांविषयीचे काल्पनिक प्रसंग ठेवले, तेव्हा चौदा वर्षांची मुले निर्णयशक्तीत प्रौढांच्या तोडीची आढळली. परंतु समजणे निराळे आणि नाही म्हणता येणे निराळे. त्या काल्पनिक प्रसंगांत नकार दिल्याने कोणी रागावणार नव्हते.

शाळेत स्थिती वेगळी असते. मुख्याध्यापकांची परवानगी आधीच मिळालेली असते. गुरुजी वर्गात येऊन ‘पाहुण्यांना मदत करायची बरं का’ असे सांगतात, आणि सगळे हात वर होतात. हा होकार नव्हे, आज्ञापालन होय. लहान बालकाचा तोंडी होकार पालकांच्या समक्ष घ्यावा, या नियमातही हीच अडचण आहे. पालकांची उपस्थिती संशोधकापासून बालकाचे रक्षण करते खरी. पण ज्यांनी आधीच संमती दिली त्यांच्यासमोर ‘नको’ म्हणण्याचे धैर्य किती बालकांना होईल?

अमेरिकेच्या आरोग्य व मानवसेवा विभागाच्या १९८३ च्या नियमांत, केवळ हरकत न घेणे म्हणजे होकार नव्हे, असे स्पष्ट केले आहे. मौन हे संमतीचे लक्षण मानणाऱ्या आपल्या व्यवहाराला ही व्याख्या चांगलीच छेद देते.

म्हणून होकाराची कसोटी नकाराच्या सोयीवर लावावी, असे आम्हांस वाटते. नाही म्हणणाऱ्या मुलास त्या वेळात करण्याजोगे दुसरे काम असावे. प्रत्येक बैठकीपूर्वी त्याला पुन्हा विचारावे. विचारताना गुरुजी दूर असावेत. आणि प्रबंधात नकारांची संख्याही नोंदवावी. ‘सर्व विद्यार्थ्यांनी आनंदाने होकार दिला’ हे वाक्य परीक्षकाने प्रशंसेने नव्हे, शंकेने वाचावे.