रडीचा डाव नक्की कोणाचा?

पत्त्यांच्या कुठल्याही मोबाइल गेमखाली जा आणि एक तारा दिलेले अभिप्राय वाचा. भाषा बदलते, मजकूर तोच. सगळं फिक्स आहे. मला कधीच चांगली पानं येत नाहीत. आधी जिंकवतात, चटक लागली की हरवतात. समोरच्याला माझी पानं दिसतात. लहानपणी अंगणात असं कुणी बोललं की ‘रडीचा डाव खडी’ म्हणून त्याला गप्प करता यायचं. या गेम्सचे चाहतेही तेच करतात: हरलास ना, मग आता रडतोस कशाला? मला मात्र ही रड टीका म्हणून वाचावीशी वाटते. बऱ्याचदा चुकलेली, पण टीकाच. खेळाडू पानांबद्दल बोलतोय असं वरून दिसतं, खरं तर त्याचा संशय पिसणाऱ्यावर असतो.

घरात मेंढीकोट खेळताना पिसणारा समोर बसलेला असतो. तो कॅट कसा धरतो, किती वेळा पिसतो, तळाचं पान सरकवतो का, हे चारही जण बघत असतात. पिसून झालं की शेजारच्याने कापायचं. लबाडी पकडण्यासाठी कुणाला गणित शिकावं लागत नाही. फोनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. पानं सर्रकन येतात, बस्स.

गंमत अशी की फोन बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगलं पिसतो आणि तिथूनच तक्रार सुरू होते. ब्रिजच्या स्पर्धांमध्ये संगणकाने पानं वाटायला सुरुवात झाली तेव्हा मुरलेले खेळाडू कुरकुरले की हे वाटप विचित्र येतं, एकाच रंगाची सहा-सात पानं एका हातात पडतात. संगणकाचं वाटप बरोबर होतं. चूक हाताने पिसण्यात होती. जिंकलेला हात गोळा करताना एका रंगाची चार पानं एकत्र येतात. अर्धवट पिसून एकेक पान वाटलं की ती चौघांत समान जातात आणि सगळ्यांचे हात गुळगुळीत होतात. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं की दोन गठ्ठे एकमेकांत फरफरवून मिसळायचे तर ५२ पानं नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. आपण तीनदा पिसतो आणि ‘चल, वाट’ म्हणतो. आपल्या मनातलं ‘न्याय्य वाटप’ या आळसातून घडलेलं आहे.

आता ‘बलात्रो’ घ्या. २०२४ मध्ये आधी संगणकावर आणि त्याच सप्टेंबरमध्ये फोनवर आलेला हा गेम पोकरच्या हातांवर चालतो. जोडी, फ्लश, फुल हाऊस लावायचे, जोकर विकत घेऊन त्यांचे गुण फुगवायचे आणि दर टप्प्याला वाढत जाणारा आकडा गाठायचा. त्यात ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ नावाचं एक पान आहे. ते वापरलं तर ४ पैकी १ शक्यतेने तुमच्या एखाद्या जोकरला खास गुण मिळतो. नाही मिळाला तर पडद्यावर उमटतं: ‘नोप!’ या नोपने खेळाडूंना जितकं छळलं असेल तितकं गेममधल्या कुठल्याच शत्रूने छळलं नसेल. ४ पैकी १ हे खोटं आहे, अशी त्यांची ठाम खात्री असते. हिशेब करून बघा. चार वेळा चाक फिरवून चारही वेळा नोप येण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के आहे, म्हणजे दर तीन खेळाडूंमागे एकाचं हे होणारच. आठ वेळा ओळीने नोप येण्याची शक्यताही दहा टक्के उरते. ‘४ पैकी १’ वाचताना आपलं मन ‘चौथ्या वेळी नक्की’ असं वाचतं.

तरीही बलात्रो मला प्रामाणिक गेम वाटतो. शक्यता पानावर छापलेली असते. ती दुप्पट करणारा एक जोकरही आहे, म्हणजे शक्यता हाच डावपेचाचा भाग होतो. प्रत्येक डावाला आठ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक असतो. तो मित्राला द्या, त्याच्या फोनवर तीच दुकानं आणि तेच बॉस येतील. तुम्ही सगळा डाव राजा-राणी-गुलामांवर बांधावा आणि नेमका चित्रपानं निकामी करणारा बॉस समोर यावा, हे होतं, आणि तेव्हा फोन आपटावासा वाटतो. पण तो बॉस टप्प्याच्या सुरुवातीलाच दाखवलेला असतो आणि मध्ये दोन दुकानं मिळतात. माझी खरी तक्रार वेगळी आहे: हात टाकण्याआधी त्याचे गुण किती होतील हे गेम सांगत नाही. जोकर चार-पाच झाले की बेरीज-गुणाकार डोक्यात मावत नाहीत, आणि तिथे हरणं नशिबाचंही वाटत नाही, अकलेचंही. आणखी एक गोष्ट महत्त्वाची: पैसे एकदाच द्यायचे. तुम्ही हरलात म्हणून बनवणाऱ्याच्या खिशात काही पडत नाही.

हे शेवटचं वाक्य सॉलिटेअरच्या रंगीबेरंगी गेम्सना लावून बघा. ट्रायपीक्स हा रॉबर्ट होग यांनी १९८९ मध्ये रचलेला साधा, गोड खेळ. त्याच्या आजच्या लेव्हलवाल्या अवतारांत शेत आहे, बेट आहे, डोलणारी मांजरं आहेत आणि नाणी आहेत. पानं संपतात तेव्हा पटावर एक-दोन पानं उरलेली असतात आणि बटण येतं: आणखी पाच पानं, इतक्या नाण्यांना. नाणी संपली की खरे पैसे. इथे ‘फिक्स आहे’ म्हणणाऱ्याला मी संभाव्यता शिकवायला जाणार नाही. लेव्हल ही मुळात कुणीतरी रचलेली गोष्ट असते. ती अवघड किती करायची, हे ठरवणारा आणि सुटकेची पानं विकणारा एकच. पानं त्याने सरळ वाटली असतीलही. पण कॅट त्याचा, पिसणारा तो, आणि कापायला तो कुणालाच देत नाही.

पैशांच्या रमीत हा प्रश्न आणखी बोचरा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला, आणि पुढे ॲपवाल्यांचा सगळा डोलारा त्या निकालावर उभा राहिला. कौशल्य की नशीब, यावर वकिलांनी वर्षानुवर्षं काथ्याकूट केला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तो भेदच बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. हरलेला माणूस मात्र तिसरंच काही विचारत होता: समोर बसलाय तो माणूस आहे का? ॲपवर झळकणारं आरएनजी प्रमाणपत्र म्हणजे आकडे यादृच्छिक निघतात याची ग्वाही. टेबलावर कोण बसलंय, याबद्दल ते काही बोलत नाही.

मग विश्वास कशाने बसतो? १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकर सेवेने आपण किती सरळ पिसतो हे दाखवायला पिसण्याचा कोडच प्रसिद्ध केला. तज्ज्ञांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. ५२ पानांचे क्रम इतके की ती संख्या ६८ अंकी होते. हा कोड दिवसाच्या घड्याळातल्या मिलिसेकंदांवर अवलंबून असल्याने त्याला जेमतेम ८ कोटी ६४ लाख क्रम जमत होते. पाच पानं कळली की उरलेला सगळा कॅट ओळखता यायचा. कंपनीची शोभा झाली. पण चूक सापडली ती कोड उघडा होता म्हणून, आणि पानांवर संशय घेणाऱ्या कुणाही खेळाडूला ती नुसत्या हरण्यावरून सापडली नसती.

याउलट विंडोज ९५ सोबत घरोघरी गेलेला जिम हॉर्न यांचा फ्रीसेल. सगळी पानं पहिल्यापासून उघडी, ३२,००० डाव, प्रत्येकाला क्रमांक. डाव सुटत नाही अशी तक्रार असेल तर क्रमांक सांगा, दुसरा कुणी सोडवून दाखवेल. १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग यांनी इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांना डाव वाटून दिले आणि लोकांनी एकेक करून ते खरंच सोडवले. एक उरला, क्रमांक ११९८२. पुढे संगणकांनीही तो सुटत नाही म्हणून सांगितलं. त्या डावाला ‘फिक्स’ म्हणताना मी कुणाला पाहिलेलं नाही. लोक मुद्दाम तो क्रमांक टाकून डाव उघडतात, थोडा वेळ झटतात आणि बंद करून दुसरा घेतात.