पावसाळी मुंबईचा वाटाड्या

पावसाळा आला कीं 'मेघदूत' आठवावें, हा आपला जुना परिपाठ आहे. परंतु त्या काव्याचा एक साधा गुण रसिकांच्या नजरेंतून बहुधा निसटतो. पूर्वमेघ म्हणजे एका जाणत्यानें एका नवख्यास सांगितलेली वाट होय. कोठें वळावें, कोठें विसांवा घ्यावा, वाट थोडी वांकडी पडली तरी उज्जयिनी कां चुकवूं नये, हें सारें यक्ष सांगतो आणि मेघ मुकाट्यानें ऐकतो. ज्याला वाट ठाऊक आहे तो बोलतो. ज्याला ठाऊक नाहीं तो गप्प असतो. मुंबईसंबंधींचें आपलें वाङ्मय या दृष्टीनें वाचूं लागलें म्हणजे नेमका उलट प्रकार आढळतो. तेथें नवखा पानेंच्या पानें बोलतो, आणि त्याला वाट दाखविणारा मात्र मुका राहतो.

या नवख्याचें चित्र वाचकांच्या परिचयाचें आहे. तो दादरास किंवा बोरीबंदरास उतरतो. हातीं वळकटी, डोक्यावर कोसळणारा पाऊस, भोंवतीं माणसांचा लोंढा, आणि त्यांत ओळखीचें एकही तोंड नाहीं. कथांतून, कादंबऱ्यांतून आणि बोलपटांतून हें चित्र इतक्या वेळां येऊन गेलें आहे कीं त्याचा शेवटहि आम्हांस पाठ झाला आहे: 'येथें कोणी कोणाचें नाहीं!' हें चित्र खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें अपुरें आहे, आणि त्याच्या अपुरेपणास लेखकाची घाई कारण आहे, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आरंभींच्या ग्रंथकारांना ही घाई नव्हती. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईंत पहिली कापडगिरणी सुरू होऊन तेव्हां दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. माडगांवकरांची भूमिका यक्षाची आहे. शहरांत मुरलेला एक गृहस्थ बाहेरच्या वाचकाचा हात धरून त्याला शहर दाखवितो. बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांनीं १८८९ च्या 'मुंबईचा वृत्तांत' या ग्रंथांत तीच परंपरा पुढें चालविली. या ग्रंथांचा रोख अर्थातच शहराकडे आहे, रस्त्यांत भेटणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाकडे नव्हे. तरी वाट सांगणें हें लेखकाचें काम आहे, ही जाणीव त्यांच्या पानोपानीं आहे.

पुढें शहर बदललें आणि कवीचा सूरहि बदलला. मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' (१९४७) या संग्रहांत यंत्राच्या चाकाला जुंपलेला, गर्दींत असून एकटा पडलेला माणूस आला. त्या दर्शनांतील सच्चेपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु थोर कवीचें दुःख अनुकरण करणाऱ्यांच्या हातीं पडलें म्हणजे त्याचा सांचा बनतो. मर्ढेकरांनीं जें सोसून लिहिलें, तें पुढें अनेकांनीं न सोसतां लिहिलें. याच्या उलट उदाहरण नारायण सुर्वे यांचें. रस्त्यावर टाकून दिलेल्या तान्ह्या मुलास गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणी कामगारानें उचलून घरीं नेलें आणि आपलें नांव दिलें. मुंबईंत परका म्हणून याहून अधिक परकें कोण असणार? पण 'माझें विद्यापीठ' (१९६६) वाचतांना शहराविरुद्धची फिर्याद जितकी ऐकूं येते, तितकीच रस्त्याच्या ऋणाची जाणीवहि ऐकूं येते. म्हणूनच सुर्व्यांच्या मुंबईला चेहरे आहेत. सांच्यांतून निघालेल्या मुंबईला फक्त गर्दी आहे.

येथें आमचा स्वतःचा एक अनुभव नमूद करणें अप्रस्तुत होणार नाहीं. परळच्या एका इस्पितळांत आमचा एक आप्त होता, आणि त्याला भेटण्यासाठीं आम्ही जुलई महिन्यांतील एका संध्याकाळीं प्रथमच दादरास उतरलों. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. हिंदमात्यापाशीं पोहोंचलों तों गुडघ्याच्या वर पाणी. रस्ता कोणता आणि पदपथ कोणता, कांहीं उमगेना. आम्ही कडेकडेनें पाऊल टाकणार, इतक्यांत मागून आवाज आला, "काका, कडेनं नको. कडेला गटारं आहेत. माझ्या पावलावर पाऊल ठेवून या." बोलणारा तिशीचा असावा. डब्याची पिशवी त्यानें डोक्यावर धरली होती. तो पुढें आणि आम्ही मागें, असे आम्ही तें पाणी ओलांडलें. रस्ता पाण्याखालीं गेला होता, पण त्याच्या पायांना तो पाठ होता. पलीकडे गेल्यावर त्यानें इस्पितळाच्या दिशेला बोट दाखविलें आणि आम्ही आभार मानण्यापूर्वींच तो आल्या पाण्यांत परत शिरला. त्याला जावयाचें होतें दुसरीकडेच!

त्या गृहस्थानें आम्हांस घरीं बोलाविलें नाहीं, चहा विचारला नाहीं, नांव-गांवहि पुसलें नाहीं. कोंकणांतील ओटीवर किंवा देशावरील वाड्यांत ज्याला आपण आतिथ्य म्हणतों, त्याचें एकहि लक्षण येथें नव्हतें. आमच्या लेखकांची चूक होते ती येथेंच. गांवाकडचें माप घेऊन ते शहराचें आतिथ्य मोजूं जातात, आणि तें मापांत बसत नाहीं म्हणून तें नाहींच असें ठरवितात. १९२० नंतरच्या दशकांत नायगांव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथें ज्या बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या, त्यांतली एकेक खोली अवघी १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेंत सारें कुटुंब झोपावयाचें. तेथें पाहुण्यासाठीं पाट कोठें मांडणार? घरांत जागा नाहीं म्हणून मुंबईकराचें आतिथ्य घराबाहेर पडलें आणि रस्त्यावर, जिन्यावर, गाडीच्या दारांत उभें राहिलें. तें चार शब्दांचें असतें, कारण बोलणाऱ्यालाहि पुढची गाडी गांठावयाची असते.

शिवाय तें अनुभवांतून आलेलें आहे. गिरणगांवांतील एकट्या कामगारांना खानावळवाल्या बायांनीं जेवूं घातलें. त्याच बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलें. गिरगांवाला लागून असलेल्या धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या एकेका गांवाच्या नांवानें 'कूड' चालले, आणि खलाशांना व नोकरी शोधणाऱ्यांना त्यांत पथारीपुरती जागा मिळाली. परळच्या टाटा रुग्णालयांत दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्या रोग्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार झाला. आज वाट सांगणारा काल स्वतः वाट विचारीत होता, किंवा त्याचा बाप तरी विचारीत होता. या शहराची माणुसकी म्हणजे परकेपणाची न विसरलेली आठवण होय.

आतां दुसऱ्या टोंकाचाहि परामर्श घेतला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं ऐन गणेशोत्सवांत शहर पुन्हां बुडालें, आणि कित्येक मंडळांनीं, देवळांनीं, मशिदींनीं व गुरुद्वारांनीं अडकलेल्या लोकांसाठीं दारें उघडलीं. अशा प्रत्येक प्रसंगानंतर 'मुंबईच्या जिगरीचे' पोवाडे गाइले जातात. आम्हांस या पोवाड्यांचें भय वाटतें. जुन्या गटारांची रचना ताशीं २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें झालेली होती. भरतीच्या वेळीं तर समुद्रच पाण्याची वाट अडवितो. आणि हिंदमात्याचा भाग बशीसारखा खोलगट आहे. हे प्रश्न स्थापत्याचे आणि कारभाराचे आहेत. अलीकडे तेथें भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या, त्या कोणाच्या जिगरीनें नव्हे, तर नागरिकांनीं वर्षानुवर्षें केलेल्या तक्रारींमुळें आणि ओतलेल्या पैशामुळें. 'येथें कोणी कोणाचें नाहीं' म्हणणारा लेखक माणसाला पाहत नाहीं. नुसती जिगर गाणारा लेखक त्या माणसाच्या पायाखालचें उघडें गटार पाहत नाहीं. दोघांचीहि दृष्टि अर्धीच.

दोन्ही गोष्टी एकदम दाखविणारें दृश्य शहरानें स्वतःच रचून ठेवलें आहे. २०२० च्या ऑगस्टांत दादरच्या शेजारीं, माटुंग्याच्या तुळशी पाइप रस्त्यावर पाणी तुंबलें. पदपथावर राहणाऱ्या एका फूलविक्या बाईनें तें ओसरावें म्हणून गटाराचें झांकण काढलें, आणि त्या उघड्या तोंडांत कोणी पडूं नये म्हणून ती कित्येक तास पावसांत तेथेंच उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना खुणावीत राहिली. तिची स्तुति करावी आणि त्याच वाक्यांत, तिच्यावर उभें राहण्याची पाळी कां आली, असेंहि विचारावें. असें वाक्य ज्याला लिहितां येईल, त्याला मुंबईचा पाऊस कळला असें आम्ही म्हणूं.

लालबाग-परळच्या बाजूस पाणी भरलें कीं एखाद्या खड्ड्यांत कोणीतरी झाडाची फांदी खोंवून ठेवतो. ती कोणी खोंवली हें कोणासच ठाऊक नसतें. पण ती पाहून नवखा माणूस वळसा घेतो आणि सुखरूप घरीं पोहोंचतो. पोहोंचल्यावर तो पावसाचें वर्णन लिहावयास बसलाच, तर त्यानें त्या फांदीला विसरूं नये.