लाभार्थी की मालक? घरकुल योजनेची एक चिकित्सा

मालकी या कल्पनेबद्दल तत्त्वज्ञानात भरपूर लिहिलं गेलंय. आज ती कल्पना घेऊन आपण आपल्याच शहरात, म्हणजे पडेगाव, हर्सूल, वाळूजच्या रस्त्यावर उतरणार आहोत. विषय आहे प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला सरकारनं पैशाची मदत करून घराचा मालक बनवावं, ही त्यामागची कल्पना. आम्ही तिची चिकित्सा करणार आहोत, पण आधी ती नीट समजून घेऊ. न समजता केलेली टीका म्हणजे पारावरच्या गप्पा.

ही योजना २५ जून २०१५ ला सुरू झाली. २०२२ पर्यंत सर्वांना घर, हे तिचं वचन होतं. तिला चार दारं होती. पहिलं, झोपडपट्टीचा आहे त्याच जागी पुनर्विकास. दुसरं, गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान. तिसरं, महापालिका, म्हाडा किंवा खासगी विकसकाच्या भागीदारीत बांधलेली परवडणारी घरं. चौथं, स्वतःच्या जागेवर स्वतः बांधायचं घर. तिसऱ्या आणि चौथ्या दारात केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र सरकारचा एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात मोडतं. कुटुंबाचं देशात कुठंही पक्कं घर नसावं, ही अट.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असावं, हा या योजनेतला सर्वांत चांगला विचार आहे. नवरा दारूत घर घालवतो, सासरचे बाहेर काढतात, तेव्हा सातबाऱ्यावर किंवा करारावर बाईचं नाव असणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता चिकित्सा. आमचा मुख्य आक्षेप एका वाक्यात मांडतो. ही योजना मालक बनवायला निघाली, पण दारात उभ्या असलेल्या माणसाकडं मालकाजवळ असतात तीच कागदपत्रं मागते.

व्याज-अनुदानाचं दार बघा. पहिल्या टप्प्यात दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज सरकार भरत होतं. त्याची जास्तीत जास्त रक्कम सुमारे दोन लाख सदुसष्ट हजार, आणि ती कर्जखात्यात एकदम जमा व्हायची. हिशेब करा. नऊ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी सहा लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५४०० रुपये येतो. अनुदान वजा केलं की तोच हप्ता ३००० च्या आसपास येतो. महिन्याला चोवीसशे रुपये वाचले. वाळूजच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला हा फरक खूप मोठा आहे.

पण हे अनुदान कर्जाला चिकटलेलं होतं. कर्ज नाही तर अनुदान नाही. आणि कर्ज कुणाला मिळतं? ज्याच्याकडं पगाराची पावती आहे, बँकेत नियमित पैसे जमा होतात, त्याला. वाळूज किंवा चिकलठाण्यात कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणारा, महिन्याचे वीस दिवस काम आणि दहा दिवस वाट बघणारा माणूस बँकेच्या नजरेत कमावताच नसतो. बांधकामावर जाणारी बाई, भाजीची गाडी लावणारा, घरकाम करणाऱ्या ताई, सगळ्यांचं तेच. तेव्हा हे दार उघडलं ते मुख्यतः त्यांच्यासाठी, जे थोडं ताणून का होईना, कर्ज घेऊच शकत होते. अमर्त्य सेन यांनी हे फार पूर्वी सांगितलंय. साधन हातात देणं आणि ते वापरण्याची क्षमता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीठ दिलं, पण चूलच नसेल तर भाकरी होत नाही.

चौथं दार, स्वतःच्या जागेवर घर. इथं आपल्या शहराचा खास प्रश्न येतो, तो म्हणजे गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पडले, कष्टकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन वीस बाय तीसचा प्लॉट घेतला, तोही बॉन्डपेपरवर. पैसे खरे दिले, घर खरं बांधलं, रस्ता आणि नळ यांच्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. कागदावर मात्र मालकी नाही. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पण नियमित होण्यासाठी शुल्क भरावं लागतं. म्हणजे अडीच लाखांच्या मदतीला पात्र व्हायचं असेल तर गरिबानं आधी स्वतःच्या खिशातून पैसे भरून स्वतःचीच जागा स्वतःची करून घ्यायची. ज्याला ते जमत नाही त्याला आपण म्हणतो, 'कागदपत्रं अपूर्ण आहेत.' आमच्या मते अपूर्ण आहे ती योजना.

तिसरं दार महापालिकेचं. या शहरात अर्ज हजारोंनी आले. पडेगाव, हर्सूल, तिसगाव, सुंदरवाडी या जागांची नावं वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात येत राहिली. घरं उभी राहिली नाहीत. निविदा भरणाऱ्यांनी संगनमत करून एकाच आयपी ॲड्रेसवरून निविदा भरल्या, असा आरोप झाला. २०२३ च्या सुरुवातीला महापालिकेनंच पोलिसांत गुन्हा नोंदवला आणि मार्चमध्ये ईडीनं छापे घातले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल, तो आमचा प्रांत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या घडामोडीत अर्जदार कुठं होता? त्याला फक्त अर्जाचा क्रमांक होता. निविदेवर, जागेवर, नकाशावर त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

इथं सोलापूरकडं बघितलं पाहिजे. तिथं विडी कामगार बायकांच्या संघटनेनं, नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं, कुंभारीजवळ घरं उभी केली. २००६ साली गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढं याच प्रधानमंत्री आवास योजनेत रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या पंधरा हजार घरांचं वाटप झालं. नियम तोच, अनुदानाचा आकडाही तोच. मग फरक कशाचा? आमचं उत्तर असं, की तिथं अर्जदार एकेकटा रांगेत उभा नव्हता. आधी संघटना होती आणि मग योजना आली. आपल्याकडं योजना आली, निविदा आली, आणि माणसं शेवटी यायची राहूनच गेली.

कुणी म्हणेल, मालकीचा हा सगळा आग्रहच चुकीचा आहे. हा आक्षेप पोकळ नाही. १८७२ साली एंगल्सनं लाइपझिगच्या एका वृत्तपत्रात घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. कामगाराला छोट्या घराचा मालक केलं की तो त्या घराला बांधला जातो, काम सोडून दुसरीकडं जाण्याची त्याची ताकद जाते आणि मजुरी खाली दाबता येते, असा त्याचा युक्तिवाद. शहराबाहेर घर मिळालेल्या माणसाचा रोजचा रिक्षाचा खर्च मोजा, त्यात तथ्य दिसेल. ज्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, त्याच्या टोकाला घर देऊन चावी हातात ठेवणं म्हणजे अर्धंच घर देणं.

तरीही आम्ही एंगल्सच्या पूर्ण बाजूनं नाही. आपल्या शहरातच पुरावा आहे. सत्तरच्या दशकात सिडको इथं आली, एन-वन, एन-टू अशा सेक्टरांत लहान घरं बांधून हप्त्यानं दिली. २००६ साली तो भाग महापालिकेकडं आला. आज त्या गल्ल्यांतून चाला. मूळच्या खोलीवर दुसरी खोली, वर मजला, खाली पिठाची गिरणी नाहीतर शिकवणीचा वर्ग. 'उद्या कुणी काढणार नाही' या भरवशावर माणसं पुढच्या पिढीचा विचार करू लागली. मालकीचा खरा अर्थ आम्ही हाच धरतो. विकण्याचा हक्क नंतरचा, न उठवलं जाण्याची खात्री आधीची. एंगल्सनं साखळी पाहिली ती खरी. पण बेघर माणसाला रोज उठवलं जातं, ती साखळी त्याहून जड.

म्हणून शेवटी शब्दाकडं येतो. योजनेचा आवडता शब्द 'लाभार्थी'. लाभ देणारा मोठा, घेणारा लहान, हे त्या शब्दातच बसलंय. पण सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. हक्क असलेला माणूस रांगेत उभा राहिला तरी तो याचक नसतो. उशीर का झाला, हे तो विचारू शकतो.

सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. देशभरात एक कोटी कुटुंबांचं उद्दिष्ट आहे आणि भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचं दार नव्यानं जोडलंय. ते स्वागतार्ह आहे. पण तो टप्पाही आम्ही तीन प्रश्नांवर तपासू. पगाराची पावती नसलेल्या बाईला त्यात जागा आहे का? गुंठेवारीतल्या माणसाची जागा त्याच्या नावावर करण्याची जबाबदारी सरकार घेतं का, की त्याच्यावरच टाकतं? आणि घर कुठं, किती, कसं, हे ठरवताना राहणाऱ्याला विचारलं जातं का?

श्रोत्यांपैकी कुणी अर्ज केला असेल, किंवा तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंनी केला असेल, तर आमची एक विनंती आहे. वॉर्ड कार्यालयात एकट्यानं जाऊ नका. गल्लीतले दहा अर्जदार मिळून जा आणि उत्तर लेखी मागा. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं एवढा व्यावहारिक सल्ला द्यावा का, असं कुणी विचारेल. आमच्या मते हक्काची व्याख्या ग्रंथात होते, पण तो खरा आहे की नाही हे त्या खिडकीवरच कळतं.