शालेय व्यायामाचे मोजमाप : एक चिकित्सा

शाळेतील मुलांनी दररोज खेळावे, याविषयी दुमत संभवत नाही. वाद आहे तो या हेतूने चालविलेल्या उपक्रमांचे मोल कसे ठरवावयाचे, याविषयी. २९ ऑगस्ट २०१९ रोजी आरंभ झालेल्या 'फिट इंडिया' चळवळीने शाळांसाठी ध्वज व तारांकन यांची योजना केली. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, क्रीडांगण, रोजची तासिका आणि प्रत्येक विद्यार्थ्याची साठ मिनिटांची हालचाल, या ध्वजाच्या प्रमुख अटी होत. त्यांची पूर्तता झाल्याचे शाळेनेच घोषित करावयाचे असते. म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकच. शिवाय साधनांची नोंद हा परिणामाचा पुरावा नव्हे.

'खेलो इंडिया'च्या चाचण्यांत पन्नास व सहाशे मीटर धावणे, लवचीकता इत्यादींची मोजणी होते. ही मोजणी उपयुक्त खरी; परंतु ती मुलाची आहे, उपक्रमाची नव्हे. वाढत्या वयाचे मूल पुढील वर्षी बहुधा अधिक वेगाने धावणारच. उपक्रम नसलेल्या समान परिस्थितीतील शाळेशी तुलना केल्यावाचून त्या वाढीचे श्रेय उपक्रमास देता येत नाही. अशा तुलनेचे फळ नम्र करणारे असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समालोचनात ८९ अभ्यास तपासले गेले. मध्यम ते तीव्र हालचालीत दिवसाकाठी सरासरी एका मिनिटाहूनही कमी वाढ आढळली.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्याबरोबर गेलेली मुले हिवाळ्यातील चाचणीस नसतात. मग शाळेची सरासरी ही मागे राहिलेल्यांचीच सरासरी ठरते. दुसरे असे की, वस्तीवरून चालत येणारी, घरी पाणी भरणारी मुलगी हालचालीच्या हिशेबात उत्तीर्ण होईल. तथापि तिला खेळ मिळाला, असे म्हणता येणार नाही. श्रम आणि खेळ यांची बेरीज एकाच रकान्यात करणे अन्यायाचे आहे.

या जिल्ह्याने खो-खोला सारिका काळे दिल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या; २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. हा अभिमानाचा विषय होय. परंतु पदक सर्वांत वेगवान मुलीची कथा सांगते; कडेला बसून राहिलेल्या मुलीविषयी ते मौन पाळते.

म्हणून मूल्यमापनाची रीत साधी पण कठोर असावी. पूर्वसूचना न देता निवडलेल्या दिवशी, शाळेबाहेरील निरीक्षकाने मैदानावर प्रत्यक्ष खेळणारी मुले मोजावीत. मुले व मुली यांची नोंद वेगळी ठेवावी. स्थलांतरितांची अनुपस्थिती वगळू नये, तर लिहावी. आणि पुढील वर्षी त्याच ऋतूत पुन्हा मोजावे. ध्वज किती शाळांवर फडकला, याहून मैदानात उतरलेले शेवटचे मूल कोणते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.